मगदुमांचा ळ

गंगावेशीत, तालमीच्या मागच्या बोळात
आमचा छापखाना होता.
यंत्र भंगारात गेलं, खिळे वितळले,
मी तेवढा राहिलोय
नखांत शिसं घेऊन.

जुळारी मजकूर पालथा वाचतो,
खाली डोकं वर पाय.
लग्नपत्रिका, खासबागेतल्या कुस्त्यांचे फलक,
गुळाच्या अडत्यांची बिलबुकं,
सगळं असंच वाचलं.
अर्थाशी आपला संबंध नाही, मालक म्हणायचे.
मलाही ते सोयीचं होतं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात मगदूम आले.
कचेरीतून निवृत्त झालेले कारकून,
सायकल विकली तरी पँटला क्लिप तशीच.
तरटात गुंडाळलेली कादंबरी
त्यांनी माझ्या केसीवर ठेवली,
आडत दुकानात रवा ठेवतात तशी, जपून.

अक्षर काय होतं!
प्रत्येक ओळ दोरी लावून ओढलेली.
आणि पहिल्याच पानावर, "काळ" या शब्दात,
तो ळ:
दुसरा फेरा आत वळवून सोडलेला,
गोगलगाय शिंगं ओढून घेते तसा.

माझा हात खिळ्यांच्या घरात थांबला.
हा ळ मी आधी पाहिला होता.
पंच्याहत्तरचा आषाढ, रात्रीचे दोन,
फौजदाराच्या हातातला कागद, बॅटरीचा उजेड,
हिंदुराव बाळकू इंगवले.
माझा थोरला भाऊ. गिरणीतला, युनियनचा.
वडिलांच्या नावातला ळ
मी तेव्हाही पालथाच वाचला,
कारण मी फौजदाराच्या समोर उभा होतो.

मी काही बोललो नाही. जुळवत गेलो.

त्या कादंबरीत हुकूमशहा कुठंच नाही.
घोडा नाही, तख्त नाही, भाषण नाही.
तळ्याकाठचं एक गाव आहे,
आणि सुरेख अक्षराचा एक कारकून.
साहेब त्याला नवी टाक देतात, वर म्हणतात,
बाकीच्यांचं लिहिलेलं वाचता येत नाही हो.
तो खूश होतो. एवढंच.
नावं लिहितो. काना, मात्रा, वेलांटी सांभाळून.
रात्री घरी येऊन पोटभर जेवतो.

अकराव्या प्रकरणात
वरून आलेल्या यादीत एक नाव चुकलेलं असतं,
बापाचं नाव भलतंच.
तसंच राहिलं असतं तर पोलीस
दुसऱ्याच पेठेत, नसलेल्या माणसाला शोधत बसले असते.
पण कारकुनाला अशुद्ध बघवत नाही.
तो माणूस त्याच्या माहितीतला असतो.
तो खोडतो. दुरुस्त करतो.
खाली सुबक सही.

त्या पानाचं प्रूफ घेऊन मी मंगळवार पेठेत गेलो.
मगदूम चष्मा पुसत होते.
"किती चुका?"
"एकबी न्हाई."
"एक आहे," ते म्हणाले,
"तपासून सापडणार नाही अशी."
मग बराच वेळ नळाचं पाणी बादलीत पडत राहिलं,
आणि बादली भरून वाहायला लागली तरी
दोघांपैकी कुणी उठलं नाही.

पुस्तक निघालं. पाचशे प्रती.
वाचक म्हणाले, राजा कुठाय यात?
एका परीक्षकानं लिहिलं, खलनायक दुबळा.
मी ते कात्रण जपून ठेवलंय. का, माहीत नाही.

दादा एकोणीस महिन्यांनी सुटून आला होता.
तेव्हापासून दार उघडं टाकून झोपायचा,
वाजायच्या आतच उघडं असावं म्हणून.
त्यानं कादंबरी दोन रात्रींत संपवली,
कंदिलाची काच पुसावी तशी
चार बोटांनी मुखपृष्ठावरची धूळ पुसली.

"बरं लिहितोय गडी," म्हणाला.
"हाताचं अक्षर कसं हाय त्याचं?"

मी खिळ्यांतली घाण काढत होतो.
"लई सुरेख," म्हटलं.

दादानं मान हलवली,
जसं कुणीतरी वजन सांगावं
आणि ते आधीच ठाऊक असावं.
मग उशी दाराकडं करून
आडवा झाला.