तिन्हीतलं कुठलं

शुक्रवार पेठेतला कामत डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पाडला
तेव्हा बाबालाल शिकलगारानं सांगावा धाडला :
वहिनी, तीन सिंकं हायती, चिनी मातीची, जुन्या घडणीची.
पोरासारखी उचलून न्यावी लागतील.

पोरासारखी!
केरबा गवंडी, आमचे हे आणि टेम्पोवाला,
तिघं मिळून एकेक उतरवत होते
आणि दर पावलाला एक शिवी.

हौसाक्का कुंपणापाशी उभी.
दवाखान्याचं? आन् सैपाकघरात?
कुणाकुणाचं काय काय धुतलं आसंल त्यात.
मी म्हटलं, नदीत काय धूत न्हाईत व्हय?
तिला पटलं नाही.
रात्री पडल्या पडल्या मलाही पटेना.
दोन दिवस सोडा, आधणाचं पाणी, लिंबाच्या फोडी, चुलीतली राख.
तिसऱ्या दिवशी तांदूळ धुतले.

सगळ्यात धडकं ते सैपाकघरात.
स्टीलच्यात पेला पडला तर नुसता बोंबलतो,
इथं कप पडला की संपला.
आल्या आल्या दोन कप घेतले त्यानं, बश्या चार.
आता आमचेच हात हळू झालेत.
रविवारी तांबड्याचं पातेलं घासलं
की केसाएवढ्या भेगांतून तिखट उतरतं
आणि सोमवारी ते बघतं माझ्याकडं
जागरण झालेल्या डोळ्यासारखं.

दुसरं बोअरपाशी, विटांच्या दोन खांबांवर.
पहाटे त्यात मेथी बुडवायची, शेपू, चाकवत,
चिखल तळाशी बसला की पेंड्या वर काढायच्या,
सातच्या आत कपिलतीर्थाला पोचायच्या.
पाणी पाइपातून केळीला. केळीला नको झालं तर अळूला.

चिखलीला पूर नवा नाही, पण त्या सालचा वेगळा.
पत्र्याची पेटी गेली, खुराडं गेलं, शेजारची मोटरसायकल गेली.
आठव्या दिवशी परत आलो
तर हे आपलं जागच्या जागी,
काठोकाठ गाळ,
आणि गाळात एक मरळ, जिवंत.
हौसाक्कानंच नेली ती कालवणाला.
दवाखाना तेव्हा नाही आठवला तिला.

तिसऱ्याचा कोपरा उडालेला. ते गोठ्यात, रेडकाला.
बूच नव्हतंच त्याला.
मक्याचं बुरकुंड फडक्यात गुंडाळून ठोकलंय,
महिन्याला एक लागतं.

दिवाळीला वैजू आली.
पुण्यात राहून 'मी आले' म्हणायला शिकलीय,
पण फाट्यावर उतरली की फोनवर पुन्हा 'आलो, आलो'.
भांडी घासताना तिला म्हटलं,
तू ह्याच दवाखान्यातली.
रात्री अडीचला. लाइट गेलेली.
आयानं कंदील खिडकीत ठेवला
आणि कोमट पाण्याखाली धरलं तुला.
मला खाटेवरून एवढंच दिसलं :
पांढरी कड, आणि कडेवरून बाहेर आलेला
एक काळानिळा पाय.

ह्यातलं कुठलं मग?
मला काय माहीत बाई. तीन होती.

तशीच ओल्या हातानं गेली, बॅटरी घेऊन.
बोअरपाशी वाकली. मग गोठ्यात.
आतून कोपरापासून मनगटापर्यंत हात आडवा ठेवून
काहीतरी मापत होती.
तळाचा शिक्का तिन्हींचा पुसलेला,
मुकुट असेल, नाहीतर कमळ.
परत येऊन म्हणाली, सारखीच हायत की गं.
आणि राहिलेली ताटं विसळायला लागली,
हळू, एकेक,
मी सांगितलं नसताना.

आता ती गेली सकाळच्या गाडीनं.
रेडकू पाणी पितंय,
जीभ चिनी मातीवर घासल्याचा आवाज येतोय,
खालून थेंब थेंब.
बुरकुंड कुजलं वाटतं.
नवं शोधायला पाहिजे.