जुम्मा

सहमच्या शुक्रवार बाजारातून आणली तेव्हा
पाय वर, डोकं खाली लोंबत होतं
आणि मोतालेबने कांदे चिरायला घेतले होते.
ती हातातून सुटून त्याच्या सेफ्टी बुटात शिरली,
डाव्या पायाच्या,
आणि अंडं घालून बाहेर आली.
त्या दिवशी आम्ही कांदाभजी खाल्ली.
जुम्म्यातून वाचली म्हणून नाव जुम्मा.

काल रात्री पाण्याच्या टँकरखालून कुत्रा आला.
खिमबहादूर झाडू घेऊन धावला, मी चादर घेऊन.
कुत्र्याने सोडली,
पण पाठीवरची कातडी तळहाताएवढी
उघड्या पाकिटासारखी,
आत काहीतरी गुलाबी, धडधडणारं.

नळाचं पाणी रात्री अकरालाही कढत.
ऑगस्टमध्ये आमची टाकी
दिवसभराचं ऊन साठवून ठेवते.
उकळलेल्या पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये टाकली
आणि ती निवेपर्यंत मंडणगडला इमो लावला.

तिथे साडेबारा वाजलेले.
वैजयंता उठली, केस बांधता बांधता म्हणाली,
कोण गेलं?
कोणी नाही. कोंबडी.
ती हसली नाही. म्हणाली, बॅटरी जवळ धरा.

मीठ किती?
मूठ नको. डोळ्यातल्या पाण्याएवढं खारट.
वरून ओता, चोळू नका.
भोवतालची पिसं कापा, उपटू नका.
हळद लावू? मोतालेबची आहे, माशाच्या कालवणाची.
नको, त्यात मिरची असेल. मध आहे?
मध होता. ईदला सुपरवायझरने दिलेला,
तळाशी दोन बोटं.

खिमबहादूरने आपला मोजा टोकाला कापून
तिच्या डोळ्यांवर चढवला.
अंधार झाला की कोंबडी गप्प होते,
त्याच्या आईची युक्ती.
मोतालेब पाणी ओतू लागला, एरवी ब्लॉक फेकणारा माणूस,
थेंब थेंब.

मोबाईल खाली घ्या, वैजू म्हणाली, दिसत नाही.
मी घेतला.
अजून खाली.
आणि पंख उचलून धरलेला माझा डावा हात
तिच्या पडद्यावर आला,
दोन बोटांना कळकट बँडेज,
अकरा दिवसांचं.

अकरा दिवस मी तिला गळ्यापर्यंतच दिसत होतो.
जेवलात का म्हटलं की उजव्या हाताने
डबा दाखवत होतो.
ब्लॉकच्या साच्यात गेली होती बोटं.
क्लिनिकच्या कागदावर 'किरकोळ' लिहिलं,
तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मशीनवर.

तिकडून काहीच आलं नाही.
मला वाटलं नेट गेलं.
मग म्हणाली,
चिंधी रोज बदलायची.
कोरडी ठेवायची, माशी बसू द्यायची नाही.
इतरांत सोडायची नाही एवढ्यात,
लाल दिसलं की टोचतात.
आणि दुखतंय का हे विचारून काही कळत नाही.
कोंबडी लपवते.
दुबळी दिसली तर बाकीच्या जगू देणार नाहीत,
असं तिला वाटतं.

मी हो म्हणालो.
कोंबडीबद्दल.

खजुराच्या खोक्यात वर्तमानपत्र,
लबनच्या बाटलीच्या झाकणात साखर-मिठाचं पाणी.
ती थरथरत होती म्हणून कोणीतरी एसी बंद केला.
सात माणसं घामात निजली,
एकानेही विचारलं नाही
कोणी बंद केला.

साडेचारच्या बसच्या आधी पाहिलं :
दाण्याला तोंड नाही, पण झाकण रिकामं
आणि खोक्यात एक हिरवट, ओली शिट.
एवढा आनंद मला
पहिल्या पगाराचा झाला नव्हता.

मोबाईल वाजला. फोटो पाठवा.
मी जुम्माचा पाठवला.
हा नाही, तिने लिहिलं.

बस हॉर्न देत होती.
गाठ सुकून दगड झालेली,
एका हाताने सुटेना.
खिमबहादूर काही न बोलता खाली बसला
आणि मोतालेबने बाटली हलवून बघितली,
मध अजून थोडा होता.