जिना दोन दिवस नव्हता

पहिल्यांदा भाच्यानं जोडला होता तो.
इव्हाँनं, कुणाकडून तरी मागून आणलेल्या मशीननं, एका रविवारी,
बियरच्या चार बाटल्यांच्या बोलीवर.
जोड कसला, कबुतरांनी ओळीत बसून केलेला उद्योग.
मार्चमध्ये बर्फ वितळला, आणि तिसऱ्या पायरीनं
पोस्टमनच्या बुटाखाली मान टाकली.

सोनारानंच कान टोचावेत
हे सत्तराव्या वर्षी कळलं.

मार्जोलेन आली ती हातोडी घेऊन.
मला वाटलं होतं टेप काढेल, आकडा सांगेल.
तिनं आधी ठोकून पाहिलं, पायरी पायरी,
कान लावून, कलिंगड घेताना बघतात तसं.
"रंग कोण देतं?"
मी. दर मे महिन्यात. हिरवा.
तिनं नखानं एक पापुद्रा उचलला:
हिरव्याखाली हिरवा, मग वडिलांच्या काळातला करडा,
आणि लोखंड असायला हवं होतं तिथे
कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी.
"बाई, तुमचा जिना रंगावर उभा आहे."

रोझमाँमधल्या आमच्या गल्लीत जिने घराबाहेर असतात,
वळत वळत थेट रस्त्यावर उतरणारे.
हिवाळाभर आम्ही त्यांच्यावर मीठ फेकतो.
मीठ माणसाला वाचवतं
आणि जिना खातं.

तिनं वहीत लिहिलं: सहा पायऱ्या नव्या,
बाजूच्या पट्ट्या खालून हातभर कापून,
कठडा जुनाच. "असा आता कुणी वळवत नाही."
आकडा वाचून मी चष्मा पुसला.
आकडा तोच राहिला.
"इथं नाही जमायचं. अख्खा नेते. दोन दिवस."

वर जासँत राहते. माझी बहीण.
चार वर्षं आम्ही बोललेलो नाही; कारण विचारू नका,
आईचं शिवणयंत्र, आणि एक वाक्य.
तिला खाली यायला आता एकच वाट,
मागचा अंधारा जिना,
तो माझ्या स्वयंपाकघरात उघडतो.
मी कडी काढली. दारामागचं बटाट्यांचं पोतं सरकवलं.

सोमवारी सातला ती आली, कोट घालून,
चर्चमध्ये उशिरा पोचलेलं माणूस चालतं तशी
टेबलाला वळसा घालून गेली.
संध्याकाळी पाव घेऊन परत.
मंगळवारी मी सूप ढवळत होते. ती थांबली.
"मीठ कमी आहे."
चव न घेता. नुसत्या वासावरून.
आणि वर गेली.
मी चाखलं.
कमी होतं.

बुधवारी जिना आला, ट्रकवर आडवा, आजाऱ्यासारखा.
मार्जोलेननं मुखवटा खाली ओढला. "इकडे बघू नका."
मी पाठ फिरवली; समोरच्या सगळ्या खिडक्यांत
निळा उजेड फडफडत होता.
नंतर जोडावरून बोट फिरवलं. घट्ट घातलेली वेणी.
अर्धे पैसे जासँतनं माझ्या टपालपेटीत टाकले,
सुट्ट्या नाण्यांसकट.

गुरुवारी सातला मी कॉफी ओतली आणि कान देऊन बसले.
जुना जिना बोलका होता.
चौथी पायरी कण्हायची, सातवी टणकन वाजायची,
मला रोज कळायचं: ती गेली, ती आली,
पिशवी जड आहे, गुडघा पुन्हा दुखतोय.
हा मुका.
नऊ वाजले. गेली की नाही?

फोन लावला. पलीकडे ग्राइंडर किंचाळत होता.
"काही तुटलं का?"
नाही. काहीच वाजत नाही.
तिनं ग्राइंडर बंद केला. मी पुन्हा सांगितलं.
"त्याचेच तर पैसे घेतले."
मग थोडं थांबून, "पाच हिवाळे जाऊ द्या. मीठ वाजवेल."

पाच.
जासँत चौऱ्याहत्तरची आहे.

मागच्या दाराची कडी मी अजून लावलेली नाही.
सूप गॅसवर आहे.
मीठ मुद्दाम कमी घातलंय.