काय अडतंय?

रबाळ्याच्या शेडमध्ये सात वाजून पाच मिनिटांनी
घरत मॅडम मशीनपाशी यायच्या.
'किती झाले?' हे सगळेच विचारतात.
त्या विचारायच्या : काय अडतंय?

पहिले कित्येक महिने मी म्हणायचो, काही नाही.
कूलंटचा पाइप गळत होता,
पायाखाली तेलाचं तळं.
त्या माझ्या बुटांकडे बघायच्या. बोलायच्या नाहीत.
दुपारी क्लॅम्प घेऊन आल्या, गुडघ्यावर बसल्या,
उठताना म्हणाल्या, हे 'काही नाही' चार महिने जुनं दिसतंय.

मग तीन हजार बुश परत आले.
वीस मायक्रॉन सैल, म्हणजे केसाचा चौथा हिस्सा.
गेटवर टेम्पो, वर काचेच्या खोलीत साहेब :
कोणाची चूक?

मला वाटलं, आता त्या म्हणतील, माझी.
सगळी अंगावर घेतील
आणि मी जन्मभर मान खाली घालून फिरेन.

त्या म्हणाल्या,
गेज तपासायची तारीख उलटली होती. ती चूक माझी.
शंका येऊनही यानं मशीन थांबवलं नाही. ती याची.
त्याला मी कालच सांगितलंय, एकट्याला.
आणि थांबवायला तो घाबरला
कारण फळ्यावर आपण फक्त आकडा लिहितो.
ती आपली, सर. तुमचीही.

एसी तेवढा बोलत राहिला.

त्या वर्षी त्यांची पगारवाढ अडली.
हे मला अकाउंट्सच्या तांडेलकडून कळलं.
फळ्यावर मात्र नवा रकाना आला :
'कोणी थांबवलं'. खाली नावं, हिरव्या खडूनं.

एकदा मी म्हटलं, मॅडम, तुमचा स्वभावच असा.
त्या हसल्या नाहीत.
'स्वभाव माझ्या आईला विचार, तळवलीत जाऊन.
भांडखोर म्हणेल.
हे रोज ठरवावं लागतं रे, गेटवर कार्ड पंच करताना.
काही दिवस राहून जातं.
त्या दिवशी तुम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागता,
त्यावरून मला कळतं.'

आता त्या निवृत्त. पाना माझ्या खिशात.
सात पाचला मी नव्या पोरापाशी उभा राहतो.
जीभ अजून 'किती'कडेच वळते.
गिळतो. विचारतो.

तो म्हणतो, काही नाही.

मी त्याच्या बुटांकडे बघतो.