तपास चालू आहे

एकशे बाराला फोन आला तेव्हा मी डब्यातला भात संपवत होतो.
हिवरटोला. डीपीवर माणूस चढला आहे.
बोलणारा आधी हसला, मग म्हणाला,
"दोरी घेऊनच या जमादारसाहेब."

दोरी गाडीत असतेच. मागच्या सीटखाली,
जॅकच्या शेजारी, डिझेलचा वास लागलेली.

मंडईला जमावं तसं गाव जमलेलं.
पोरं मोबाइल उंच धरून.
लाइनमन रहांगडाले किटकॅट काढून हातात घेऊन उभा,
आणि वर, दोन खांबांच्या मधल्या अँगलवर,
इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला टेकचंद कापगते.

मी ओळखलं. त्याने माझ्या आधी.

अकरा वर्षांपूर्वी याच गावातून
पोटऱ्यांवर दोन काठ्या, मनगटाला गाठ,
जीपच्या दांडीला बांधून त्याला नेला होता.
रात्रभर कोठडीत. सकाळी माय पेज घेऊन आली
तर आम्ही तिलाच विचारलं, सांभाळता येत नाही का?
डायरीत लिहिलं: वेडसर इसम, समज देऊन सोडले.
अक्षर माझंच आहे.

मधे एकदा गोंदियाला शिबिर झालं.
असा माणूस कोठडीत ठेवायचा नाही,
चोवीस तासांच्या आत दवाखाना, घरच्यांना कळवायचं.
मला त्यातला समोसा जास्त आठवतो.

तरी दोरी काढली नाही. का, ते विचारू नका.
गुडघे दुखत होते म्हणा.
बांधीच्या धुऱ्यावर बसलो, टोपी मांडीवर,
खर्रा घोटत वर बघितलं,
"टेकचंद, काय म्हणते डीपी?"

"नावं घेऊन राह्यली.
रातभर. गावातल्या सगळ्याईची.
माह्यंच तेवढं घेत नाही."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी त्याला घरी पाठवला.

"तक्रार द्यायची का?"
बराच वेळ गेला. बगळे बांधीत उतरले, उडाले, पुन्हा उतरले.
"लिवता का खरंच?"

बोनेटवर कागद ठेवला. तो उतरला,
एक पाय, मग दुसरा, एक चप्पल वरच राहिली.
मौजे हिवरटोला येथील विद्युत रोहित्र
फिर्यादीचे नाव वगळून इतरांची नावे उच्चारते.
वाचून दाखवलं. त्याने 'वगळून' खोडायला लावलं.
"टाळून लिवा," म्हणाला.

"आता दुसरी लिवा."
"कोणावर?"
"बक्कल नंबर आठशे चौदा."

पेन थांबला नाही, एवढंच सांगतो.
माझं नाव, हुद्दा, तारीख त्यानेच सांगितली.
वारसुद्धा.
सही करताना बाही सरकली:
मनगटाभोवती फिकट वळ,
दोरीच्या पिळासकट.

नागपूर पाच तास. माय मधे बसली,
मांडीवरच्या डब्याचं झाकण दाबून.
देवरीच्या पुढे तो झोपला, माझ्या खांद्यावर,
तोंड उघडं, लाळ वर्दीवर.
फॉर्मवर छापलं होतं, आणणाऱ्याचे नाव.
ते खोडून मी लिहिलं, सोबत आलो.
क्लार्क म्हणाला, असं चालत नाही. पुन्हा भरला.

आता गोळ्या चालू असतात, मग संपतात.
आरोग्य केंद्रात म्हणतात, पुढच्या आठवड्यात या.
माय पुढच्या आठवड्यात जाते.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तो ठाण्यात येतो.
पांढरा शर्ट, बाकाची एकच बाजू.
"तपास कुठवर आला?"

पहिला अर्ज वीज कार्यालयात पाठवला, पोच आहे.
दुसरा माझ्या घरी, कपाटात, विम्याच्या कागदांखाली.
"चालू आहे," मी म्हणतो.
तो मान हलवतो, माठातलं पाणी पितो,
पावणेपाचच्या एसटीला वेळ असला तर अजून थोडा बसतो.

परवा गाडी धुताना नव्या ड्रायव्हरनं विचारलं,
"हे दोर कायले ठेवलं जमादार?"
असू दे, म्हटलं. गाडी चिखलात फसली तर लागते.