घागरीचा गळा

कळवणची वैजयंता तासाला विचारते,
मॅडम, हे कुणाला सुचलं तरी कसं?
फळ्यावर माझंच अक्षर:
कुठल्याही बिंदूवर उभे राहा,
तिथून निघणारी प्रत्येक सरळ वाट उलटी करा,
जितकं पुढे, तितकंच मागे.
अंतरं जशीच्या तशी राहिली
आणि हे प्रत्येक बिंदूपाशी जमलं,
तर तो अवकाश सममित.

सुचलं नाही गं. तो शोधत होता भलतंच.
वक्रता सोबत घेऊन चालत राहिलं
तर ती कुठे कुठे बदलत नाही, एवढंच.
वाटेत हा आरसा सापडला,
आणि अशा अवकाशांची मोजदाद करायला बसला
तर हाताशी आली एक जुनी यादी,
त्यानंच केलेली, दुसऱ्या कामासाठी,
बारा वर्षांपूर्वी.

बारा वर्षं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
हसा, पण नाशिककरांना हे कळायला हवं:
एका सिंहस्थात रामकुंडावर हरवलेला तांब्या
पुढच्या सिंहस्थात पायाला लागावा,
तळाशी आपलंच नाव.

संध्याकाळी तांबट आळीत
दादा घागर मठारत होते.
हल्ली ऐकू येत नाही, ठोका मनगटानं ऐकतात.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
मी त्यांना सांगितलं, मी काय शिकवते.

हातोडी खाली ठेवली.
घागरीच्या पोटावर अंगठा टेकवून
दोन बोटं दोन दिशांना सरकवली, सावकाश.
‘इथं जमल्यासारखं वाटतंय.’
अंगठा वर नेला.
‘गळ्याशी बिनसतं. एक बोट काठाकडं निघालं,
एक पोटावर उतरलं.’

म्हणून आमच्यात घागर नसते, मी ओरडून म्हटलं.
अख्खा गोल असतो. सपाट पत्रा चालतो.
आणि एक असतं, जागोजाग खोगिरासारखं, कुठंच न संपणारं.
ते आपल्या या जगात कुणालाच ठोकून घडवता येणार नाही,
तसं सिद्ध झालंय.
‘कुणी केलं सिद्ध? तांबट होता का?’

मग बराच वेळ नुसते बघत राहिले,
घागरीकडे, माझ्याकडे नाही.
‘बरं, केला तुझा अख्खा गोल.
पाणी कुठनं भरायचं?
आणि नाव कुठं घालायचं,
त्याला तळ कुठला?’

उत्तराची वाट न बघता
त्यांनी घागर फिरवली
आणि गळ्यापासून पुन्हा सुरुवात केली.