सत्ताविसावी खाच

बत्तीस खाचांचा माड
चाळीस वर्षं दिवसातून तीनदा चढला-उतरला पाश्कोल कुलास,
पडला तो घराच्या बलकांवच्या तिसऱ्या पायरीवरून.
वय एक्काहत्तर. डावा खुबा.
मडगावच्या इस्पितळात आणला तेव्हा
पाऊल बाहेर वळलेलं
आणि चेहरा असा, की आणलंय ते दुसऱ्याच कुणाला.

माझ्या हातात लिफाफा.
वीस महिन्यांचा अभ्यास, एकशेचाळीस लिफाफे,
आत 'अ' नाहीतर 'ब'.
अ म्हणजे आल्याआल्या मांडीच्या मुळाशी बधिरतेची सुई,
ब म्हणजे नेहमीचं: मागाल तेव्हा इंजेक्शन.
लिफाफा मी फोडते, निवडत नाही.
न निवडणं हाच यातला प्रामाणिकपणा,
असं मी नव्या पोरांना शिकवते.
ब निघाला.

'शून्य ते दहा, कितलें दुखता?'
'मातशें.'
'मातशें म्हणजे किती?'
'मातशें म्हळ्यार मातशें, दोतोर.'
शेवटी दोन म्हणाला, माझ्यावर उपकार केल्यासारखा.
मग दर चार तासांनी दोन.
कूस बदलताना दोन,
एक्सरेच्या थंड फळीवर दोन.
मागितलं नाही, म्हणून दिलं नाही.
कागदावर तो माझा सगळ्यात कमी दुखणारा रुग्ण होता.

रात्री अडीचला सिस्टर फिलुमेनानं उठवलं.
त्यानं खाटेचा कठडा दोन्ही गुडघ्यांत धरायचा
प्रयत्न चालवला होता, मोडक्या खुब्यासकट.
उजव्या हाताचा आंगठा तर्जनीवर घासत होता,
घासतच होता, काती परजावी तसा.
'उतरायला बघतोय,' सिस्टर म्हणाली,
'पण कुठून ते कळत नाही.'

मी आकडा विचारला नाही.
कानाशी वाकून म्हटलं,
'पाश्कोलबाब, कितवे खांचेर?'
डोळे न उघडता, लगेच:
'सत्तावीस. वारें आसा.'

बत्तीसात सत्तावीस, तर दहात किती?
फोनवर भागाकार केला. आठ पूर्णांक चार.
चारच्या वर गेलं की नियमच म्हणतो, द्या सुई.

करड्या पडद्यावर धमनी उडत होती,
तिच्या बाजूला स्नायूवरचा पांढरा पापुद्रा.
सुईचं टोक त्याखाली गेलं, औषध ढकललं,
आणि पापुद्रा उचलू लागला,
मानशीचं दार वर घेतल्यावर
खाजनात भरतीचं पाणी शिरावं तसा:
आवाज नाही,
एक काळी पट्टी तेवढी रुंद होत जाते.
तीस मिलिलिटर.
वीस मिनिटं मी तिथंच उभी.
आधी आंगठा थांबला.

'आतां?'
'सकयल पावलों.'
मग बऱ्याच वेळानं, झोपेच्या काठावरून,
'काती मात वयर उरली.'

बुधवारच्या बैठकीत सर चष्म्यावरून बघत म्हणाले,
खाच हे प्रमाणित माप नव्हे.
बरोबर आहे त्यांचं.
तो माड एकट्या पाश्कोलच्या वाट्याचा,
दुसऱ्या कुणाच्या दारात तो नाही.
भ्रमातल्या माणसाचं उत्तर धरायचं नसतं,
हेही बरोबर.
त्या रात्रीच्या रकान्यात आता लिहिलंय
'माहिती उपलब्ध नाही'.
आधीचे सगळे दोन मात्र तसेच आहेत,
नीट, खाडाखोड नसलेले,
ब गटाचं दुखणं सरासरीत थोडं खाली ओढणारे.
समासात मी पेन्सिलीनं सत्तावीस लिहिलाय.
तो मोजला जाणार नाही.

परवा कोलव्याची एक बाई आली, तोच खुबा, उजवा.
लिफाफा फोडायच्या आधी
शून्य ते दहा म्हणायला तोंड उघडलं,
मिटलं,
आणि विचारलं,
'तुमी कितें काम करतात?'